पाचव्या घंटेची रिकामी जागा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या, हिल्डाच्या बाबतीत घडलं. इंग्लंडमधल्या एका जुन्या विद्यापीठाच्या चॅपलमध्ये, म्हणजे आवारातल्या छोट्या चर्चमध्ये, १९७८च्या नोव्हेंबरात, मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या संध्याकाळी.

त्या चॅपलच्या मनोऱ्यात सहा घंटा. त्या वाजवायला पगारी माणूस कधीच नव्हता, शिकवणारे आणि शिकणारेच दोर ओढायचे, प्रत्येकाची घंटा ठरलेली. आणि एक जुनी रीत होती. वाजवणाऱ्यांपैकी कुणी वारलं, की वर्षभर त्याच्या घंटेला हात लावायचा नाही. बाकीच्यांनी त्याची जागा रिकामी सोडून वाजवायचं. खाली अंगणात ती पोकळी ऐकू आली की लोक टोपी काढत.

त्या वर्षी पाचवी घंटा गप्प होती.

ती ओसवल्ड सरांची. लॅटिनचे म्हातारे प्राध्यापक. "बायका कशाला हव्यात मनोऱ्यात?" म्हणून सगळे नाकं मुरडत होते, तेव्हा याच माणसाने भांडून आत्याला दोर धरायला शिकवलं. पुढे आत्याच वाजवणाऱ्यांची प्रमुख झाली. आणि सरांचे हात थरथरायला लागले. घंटा उशिरा वाजायची. एके दिवशी आत्याचा पारा चढला.

"सर, सोडा तो दोर! तुमच्यापायी सगळ्यांचा ताल जातोय."

पोरं फिदीफिदी हसली. सरही हसले.

"बरं बाई, तू म्हणशील तसं."

दोर आकड्याला अडकवून ते खाली गेले, ते परत आलेच नाहीत. आत्याला माफी मागायची होती. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता सर गेले.

त्या संध्याकाळी पाच जणांनी आपापले दोर धरले.

एक. दोन. तीन. चार...

...

सहा.

ती पोकळी आत्याच्या काळजात रुतत होती.

एक. दोन. तीन. चार...

ठण्ण!

"कोण आहे रे?" आत्या ओरडली. "ही काय चेष्टेची वेळ आहे?"

"मॅडम, आमचे हात आमच्याच दोरांवर आहेत!" रूपर्ट नावाचा विद्यार्थी म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पाचवा दोर आकड्यालाच होता. हलतसुद्धा नव्हता.

पुढच्या फेरीत ती परत वाजली... जराशी उशिरा. अडखळत. सर वाजवायचे तशीच...

आत्याला कळलं. वाजवू द्यावं त्यांना, एवढंच तर करायचं होतं. पण भीतीने तिच्या तोंडातून नेमकं नको तेच निघालं.

"थांबा!"

पाचही दोर थांबले.

वरून एक अर्धवट ठोका आला... आणि तोही थांबला. निमूटपणे.

"गेलं बाबा एकदाचं," रूपर्ट म्हणाला.

"मी परत थांबवलं रे त्यांना," एवढंच आत्या म्हणत राहिली.

वर्ष सरलं. रीतीप्रमाणे पाचवी घंटा नव्या माणसाला द्यायची होती. आत्याने ती कुणालाच दिली नाही. लोक कुजबुजले, तिने लक्ष दिलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "आत्या, ती परत वाजली तर? भीती नाही वाटत?"

"नाही वाजत रे," ती म्हणाली. "दर रविवारी वाट बघते मी. नाहीच वाजत."