ट्रेनिंगला गेलीस तर...

"ताई, लवकर या! पोरगी आतून कडी लावून बसली, आवाजच देऊन नाही राह्यली!" प्राचीच्या आईचा, सरस्वतीबाईंचा फोन आला, तशा हवालदार मंजुश्रीताई वडनेरला धावल्या.

भावानं, राजकुमारनं, दार तोडलं. प्राची कोपऱ्यात होती. जिवंत. मांडीवरचा मोबाईल थरथरला, तशी ती भिंतीला चिकटली.

परवा तिला पोलीस ट्रेनिंगला निघायचं होतं. आणि एका खोट्या खात्यावरून मेसेज थांबत नव्हते. मंजुश्रीताईंनी शेवटचा वाचला.

'ट्रेनिंगला गेली तर हा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकीन. रंगराव, सरस्वती, राजकुमार, अर्पिताचा बाप, कोणाले तोंड दाखवाले जागा राहणार नाही.'

खाली फोटो. चेहरा प्राचीचा, अंग भलत्याच बाईचं.

"म्या नाही काढला हा, ताई. पण गाव मानन काय?"

"काही पुसू नको. उत्तरही देऊ नको. हाच पुरावा आहे."

"त्या हर्षलचंच काम!" राजकुमार उसळला. "तो, अर्पिता अन् ही संगंच पळत भरतीसाठी. हिचंच झालं."

मंजुश्रीताईंनी वडील रंगरावांसह घरच्यांना ओसरीवर बसवलं. पलीकडच्या खोलीतून काकू विमलबाई लेकीला, अर्पिताला, घेऊन आल्या.

"काकू, मालकाचं नाव?"

विमलबाईंनी पदर सावरला. "सांग वं, अर्पिता."

"महादेवराव."

ताईंचा पेन थांबला. धमकी देणारं माणूस बाहेरचं नव्हतंच.

"काकू, मोबाईल द्या."

"काऊन? मले त्यातलं काय समजते?"

त्यांनी मोबाईल पदराआड धरला. अर्पितानंच तो मोबाईल ओढला. उघडला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. खोटं खातं त्यातच होतं.

"तुमाले कसं समजलं?" राजकुमारनं विचारलं.

"हर्षल असता तर त्यानं सरळ 'महादेवराव' लिहिलं असतं. धमकीत घरातल्या सगळ्यांची नावं आहेत, एका यांच्या मालकाचं नाही. जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही, ते बोटातून कसं निघेल? फोटो ॲपनं बनवला, काकू?"

"माही पोरगीही तेवढीच पळाली, ताई," विमलबाई हुंदक्यात म्हणाल्या. "हिची वर्दी पुढं रोज तिच्या डोळ्यासमोर..."

तुटलेल्या दारात प्राची उभी होती. "राहू द्या ताई. घरातलंच माणूस हाये. मले भेव वाटते. मी नाहीच जात."

अर्पितानं आईकडे पाहिलं. मग ताईंसमोर येऊन बसली.

"लिहा तक्रार, ताई. साक्ष मी देईन. अन् प्राचे, तू बॅग भर."