‘टेक’चा आठवडा

मास्तरांच्या पद्धतीने इंग्रजी शिकवायचं म्हणजे रोज एका शब्दाचा एकच उपयोग, आणि तोही करून दाखवायचा. मास्तर वारले, शिकवणी त्यांच्या बायकोवर, बाईंवर आली, आणि या आठवड्यात पाळी आली ‘टेक’ची.

“चहा घ्या, बस घ्या, सुट्टी घ्या, सगळीकडे टेकच?” वर्गातला ड्रायव्हर म्हणाला. “हा शब्द म्हणजे आमची थोरली वहिनी. घरातलं प्रत्येक काम हिच्याच गळ्यात!”

वर्ग हसला. मग त्याने ऐटीत रिकामा कप तोंडाला लावला आणि सगळे एका सुरात म्हणाले, “टेक टी.”

वर्गामागेच बाईंची खोली होती. दुपारी त्या आत गेल्या, तर मोरीत मास्तरांचा कप. तळाशी घोटभर चहा. शेवटचा घोट ठेवायची मास्तरांची जुनी खोड, त्यावरून बाईंनी त्यांचं डोकं कमी खाल्लं नव्हतं. त्यांनी दाराची कडी तपासली. आपणच विसरलो असू, म्हणत कप विसळला.

‘टेक अ सीट’च्या दिवशी कोपऱ्यातली खुर्ची रस्त्याकडे वळलेली होती. बाईंनी बैठकीवर हात ठेवला. उबदार होती. त्या कोपऱ्यात ऊन येत नसे.

‘टेक अ टॅब्लेट’नंतर मास्तरांच्या उरलेल्या औषधातली एक गोळी कमी झाली.

“गोळी आपोआप पडते का गं पाकिटातून?” बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गातल्या नर्सला सहज विचारल्यासारखं विचारलं.

“छे हो बाई, दाबल्याशिवाय कशी पडेल?”

बाईंना इतका आनंद झाला की त्या पाठ फिरवून फळा पुसायला लागल्या. फळा कोराच होता.

भीती वाटायला हवी होती. वाटत होती ती नुसती ओढ. हॉस्पिटलात त्या खाली चहा आणायला गेल्या आणि तेवढ्यात मास्तर गेले, एक शब्द न बोलता. वर्षभर तेच सलत होतं. फिरायला जाणंही सुटलं होतं. गुडघ्यामुळे बाईंना वाकता येत नसे, सँडलचे पट्टे मास्तरच लावून देत. ते सँडल तेव्हापासून माळ्यावर पडले होते.

“बाई, आज ‘टेक लीव्ह’ ना?” नर्स म्हणाली. “निरोप घेणं. मागच्या वर्षी मास्तर शिकवत इथवरच आले होते.”

बाईंचा खडू थांबला. एकदा निरोप घेतला की माणूस थांबतो कुठे?

“तो नको. आज सोबत घेणं. ‘टेक मी विथ यू.’”

“करून कोण दाखवणार?” ड्रायव्हरने विचारलं.

“मीच.”

त्यांनी आतल्या दाराकडे, रिकाम्या जागेत हात पुढे केला. वर्गाने वाक्य म्हटलं. या वेळी कोणी हसलं नाही.

खोलीत कप कोरडा होता. खुर्ची जागेवर. गोळ्या कालच्याएवढ्याच. बाईंना रडू फुटलं.

मग त्यांची नजर बाहेरच्या दाराकडे गेली.

माळ्यावरचे सँडल उंबऱ्यापाशी होते. बाहेर तोंड करून.

दोन्हींचे पट्टे सोडून ठेवलेले, पाय सहज जाईल इतके.