आईचा पॉइंट

बसा नीट. तो मोबाइल उलटा ठेव रे, तोंडावर उजेड पाडून कुणी भुताची गोष्ट ऐकतं का? आणि हसायचं नाही. झटक्या माझ्याबरोबर कामाला होता. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचा चहा कपात कमी आणि बशीत जास्त होता.

झटक्या वायरमन. अख्ख्या गल्लीचं वायरिंग त्याच्या हातचं, पण स्वतःच्या घरचं काम कायम उद्यावर. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत एकच सॉकेट, तेही कपाटामागे. पूर्वी तिथे आईची खाट होती. बाबा रात्रपाळीला असायचे, आणि आई त्या सॉकेटवर छोटा दिवा लावून ते परत येईपर्यंत बसून राहायची. "दिवा दिसला की समजा, मी जागी आहे," असं तिने त्यांना सांगून ठेवलं होतं. मग आई गेली आणि तिथे कपाट आलं.

त्या शनिवारी बाबा दवाखान्यातून घरी यायचे होते. ऑक्सिजनचं मशीन आदल्या दिवशीच घरी आलं होतं. रात्रभर ते बंद पडता कामा नये आणि एक्स्टेन्शनवर लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मशीनची वायर सॉकेटपर्यंत पोचेना, चांगली हातभर कमी पडत होती. सॉकेट खाटेजवळ आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"अर्ध्या तासाचं काम," झटक्या बायकोला म्हणाला.

"हे मी उन्हाळ्यापासून ऐकतेय," ती म्हणाली.

दुपारी सुरुवात झाली. कपाट हलेना. रिकामं केलं, हललं, तर त्याचा एक पायच निखळला. भिंतीत ड्रिलचं टोक तुटलं. दुसरं आणलं, तर भोक मोठं पडलं आणि स्क्रूचा गट्टू आत फिरायला लागला. पडलेला स्क्रू उचलताना कपाटाचं दार डोक्यात बसलं.

"लोकांकडेही असंच काम करता का हो?"

"लोक असे डोक्यावर उभे राहत नाहीत!"

जुन्या सॉकेटच्या वायरी त्याने पाइपातून ओढून काढल्या आणि खाच सिमेंटने भरली. सिमेंट गळून पडलं. पुन्हा भरलं. पुन्हा पडलं. आता मात्र त्याचं डोकंच फिरलं. थापी आपटून तो भिंतीवर ओरडला, "आई, पुरे कर ना आता! बाबा यायची वेळ झालीय!"

सिमेंट राहिलं. बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला. नव्या सॉकेटच्या वायरी जोडून झाल्या होत्या. एरवी झटक्या प्रत्येक वायर ओढून बघितल्याशिवाय झाकण लावायचा नाही, आम्हालाही तेच शिकवायचा. पण जीव नुसता वैतागला होता. त्याने टेस्टर लावला. पेटला. झाकण बसवलं. आता न्यूट्रलची वायर सैल असली तरी टेस्टर पेटतोच, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण स्वतःच्या घरी, स्वतःच्या बापासाठी, तो तेवढंच विसरला.

मशीन सुरू झालं. बाबा झोपले. कपाट जागेवर सरकवून झटक्या खाटेशेजारी जमिनीवर आडवा झाला.

पावणेतीनला त्याला जाग आली. जळक्या प्लास्टिकचा वास.

टॉर्च लावली. नवं सॉकेट काळं पडलेलं. धूर. तो बाहेर धावला आणि मेन स्विच खाली ओढला. घरभर अंधार झाला. पंखा थांबला.

आणि मग त्याला आठवलं. मशीन…

पण आवाज येत होता. घुर्र… घुर्र… घुर्र…

मशीनवर हिरवा दिवा. बाबांची छाती वर-खाली होत होती. त्या मशीनला बॅटरी नव्हती.

जळक्या सॉकेटमध्ये मशीनची पिन नव्हती. त्याने टॉर्च वायरीवर धरली. वायर खाटेखालून गेली होती. पुढे बाबांच्या चपलांवरून. पुढे… सरळ. ताणलेली. कपाटामागे.

तीच वायर. हातभर कमी पडणारी.

"आई…?"

घुर्र… घुर्र…

त्याने टॉर्च विझवली.

कपाटामागच्या फटीतून पिवळा उजेड येत होता.

तो हलला नाही. बाबांचा हात धरून बसला. झुंजूमुंजू झालं तेव्हा उठला, जळकं काढून दुसरं सॉकेट बसवलं, एकेक वायर ओढून बघितली आणि मेन चालू केला. वळून बघतो, तर मशीन बंद. पिन त्याच्या पायाशी पडलेली. त्याने ती चटकन लावली, मशीन सुरू झालं, आणि मग तो लहान पोरासारखा रडला.

बाबांनी डोळे उघडले. "छान झोप लागली रे," ते म्हणाले. "ती जागी होती ना."

झटक्याने मला त्याच सकाळी बोलावलं. आम्ही दोघांनी कपाट ओढलं. सिमेंट दगडासारखं वाळलं होतं. मागे वायर नाही, काही नाही. आणि त्या सिमेंटमध्ये तीन भोकं. वर एक मोठं, खाली दोन.

मी बोट लावून बघितलं. भिंत गार होती.

भोकं अजून कोमट होती.