भूत म्हंजी काय?

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. नवरा खडी फोडायला कामावर गेलेला. घरात मी, जुलाबानं सुकलेलं माझं तान्हं पोर आणि सासूबाई साळूबाई, म्हणजे आमच्या आत्या. नेवाशाहून येणारा टँकर आलाच नव्हता. पोराला पाजायला घोटभरही पाणी नव्हतं.

आत्यांचे शब्द पोकळ झाले होते. कोंबडी, वासरू, नातू, सगळ्यांना त्या 'जनावर' म्हणत. मीठ मागितलं तर 'मीठ, मीठ' म्हणत केरसुणी आणून देत. आता त्याला अल्झायमर म्हणतात. आम्ही म्हातारचळ म्हणायचो आणि हसायचो. घागर दिसली की पाय मात्र आपोआप पाण्याची वाट धरत.

गावात पाणी एकाच विहिरीला होतं. तिथं गावातल्याच भामाबाईनं उडी घेऊन जीव दिला, तेव्हापासून दोर सोडला की खालून कुणीतरी ओढायचं. त्या सकाळी मीही गेले होते. हिसका बसला तशी रिकामी घागर घेऊन पळत सुटले. घागर-दोर दारात टाकून पोराजवळ रडत बसले.

भर दुपारी पाहते तो दारात घागर नाही, आत्याही नाहीत. पोराला काखोटीला मारून धावले. वारा पडलेला, विहिरीवर ओल्या केसांचा कुबट वास. आत्यांच्या हातातला दोर खालून ताणला जात होता आणि त्या काठाकडं सरकत होत्या.

"आत्या, सोडा... भूत हाय ते..."

त्यांनी निवांत माझ्याकडं पाहिलं. "भूत म्हंजी काय?"

खरंच ठाऊक नव्हतं त्यांना. त्या शब्दात भ्यायला काही उरलंच नव्हतं. वाकून त्या खाली म्हणाल्या, "वढती कशाला गं बाय? भर की नीट."

दोर सैल पडला. घागर काठोकाठ भरून वर आली.

आत्या काठावरून हलेनात. मी पाणी घरी नेऊन उकळलं, मीठ-साखर घालून पोराला चमच्याचमच्यानं पाजलं. उन्हं कलता कलता पोरानं डोळे उघडले. त्याला घेऊन परत विहिरीवर आले, तोवर सगळं गाव तिथं लोटलं होतं. आत्या एकेकाची घागर भरून देत होत्या आणि कुणी हसत नव्हतं. मला त्यांचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

दिवस मावळला, माणसं पांगली. "चला आत्या, घरी," मी म्हणाले.

त्या विहिरीत वाकल्या. "ही घरी म्हनती. येतीस का?"

आत्या पुढं, पोराला घेऊन मी मागं. आणि माझ्या मागं ओल्या पावलांचा आवाज, थेट अंगणापर्यंत... वळून पाहायचं धाडस झालं नाही. पण त्या रात्री दार मी उघडंच ठेवलं.