बेगमचं प्रेशर

लातूरच्या एका हॉटेलच्या जिन्यात डॉ. सोमेश सत्काराच्या शालींचा हनुवटीपर्यंतचा ढीग घेऊन वर चढत होता. वरून डॉ. स्वप्नाली झाकणाची टोपली घेऊन उतरत होती. धक्का लागला. वरची शाल घसरून टोपलीवर पडली आणि टोपलीच्या आतून कुणीतरी फिस्कारलं.

“सॉरी,” सोमेश टोपलीला म्हणाला.

“तिला ऐकू येतं. दिसायचं कमी झालंय,” स्वप्नाली म्हणाली. बाहेर श्रावणाची भुरभुर होती. तिच्या पापण्यांवर दोन-तीन थेंब अजून तसेच होते. “वर कुणीच नाही. प्रॅक्टिकल कुठं आहे?”

“वरच हाय. पण आधी उद्घाटन, मग सत्कार, मग…”

“मी प्रॅक्टिकलचं विचारलं.”

कार्यक्रम कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांच्या एकदिवसीय प्रशिक्षणाचा होता. बॅनरवर ‘चिकित्सेतील नवे प्रवाह’ असं लिहिलं होतं. आपल्याकडे नव्या प्रवाहात उतरण्याआधी काठावरच्या सगळ्यांना शाल द्यावी लागते. सोमेश हा संघटनेचा सचिव आणि सूत्रसंचालक. माणसाला ‘नाही’ कसं म्हणायचं, हे पशुवैद्यकाच्या पदवीत कुठं शिकवत नाहीत, त्यामुळे त्याला ते येत नव्हतं.

टोपलीतली बेगम ही नांदेडच्या इतवाऱ्यातल्या मकबूलचाचा टेलरची म्हातारी मांजर. मागच्या आठवड्यात तिचा डावा डोळा अचानक गेला. स्वप्नालीला संशय होता रक्तदाबाचा. तो मोजून वेळेत गोळी सुरू झाली, तर उजवा वाचण्याची आशा होती. पण मांजराचा रक्तदाब मोजायचं यंत्र तिच्याकडे नव्हतं आणि हातही बसलेला नव्हता. यंत्र लातूरच्या संघटनेनं नुकतंच घेतलेलं. शिकवायला डॉ. कहकशां हैदराबादहून आल्या होत्या आणि त्यांना चारला निघायचं होतं. म्हणून पहाटेच्या एसटीनं बेगम लातूरला आली होती.

तीन वाजले. प्रमुख पाहुणे अण्णाराव, माजी सभापती, मुक्या जनावरांवर बोलत होते. बैलापासून निघाले होते, आता कुठं म्हशीपाशी आले होते. मांजर अजून बरंच लांब होतं.

कहकशां मॅडमनी हॉलच्या मागच्या टेबलावर यंत्र मांडलं. “मानगूट धरायचे दिवस गेले,” त्या स्वप्नालीला म्हणाल्या. “कापडात गुंडाळा, पाच मिनिटं निवांत बसू द्या. आवाज मात्र नको. घाबरलेल्या मांजराचा आकडा खोटा येतो. या माइकपुढं माझाही खोटा येईल.”

स्वप्नाली सरळ व्यासपीठापाशी गेली आणि तिनं ढिगातली एक शाल उचलली.

“अहो, ती मावळत्या अध्यक्षांची…” सोमेश कुजबुजला.

“त्यांना थंडी वाजतेय?”

“न्हाई…”

“मग राहू द्या. आणि तो माइक बंद करा.”

“अण्णा बोलून राहिले.”

“म्हणूनच म्हणतेय.”

“त्यांचा राग लई वाईट. हॉल त्यांनीच दिलाय.”

“तिचा एक डोळा गेलाय, डॉक्टर. दुसरा मी जाऊ देणार नाही.” तिचा आवाज जराही चढला नाही. “तुम्ही बंद करता, की मी करू?”

सोमेशनं तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वाकला आणि पिन काढली.

अण्णारावांचे ओठ हलत राहिले. “लाईट गेली काय?” कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी वर पाहिलं. पंखे फिरत होते. ‘वायर जळाली’ एवढं म्हटलं असतं तरी सोमेश सुटला असता. त्यानं तोंड उघडलंही.

“मी बंद केला, अण्णा,” तो म्हणाला. “मागं एक पेशंट हाय. तिला शांतता लागते.”

“कोण पेशंट?”

“मांजर.”

“म्हणजे मतदार न्हाई,” अण्णाराव म्हणाले, आणि शाल सावरत खाली बसले.

हॉल गप्प झाला. शालीत गुंडाळलेल्या बेगमला सोमेशनं हलकेच धरलं. स्वप्नालीनं पुढच्या पायाला इवलासा पट्टा बांधला. दोघांची डोकी जवळ आली… यंत्रातून ठोके ऐकू येऊ लागले.

“दोनशे दहा.”

“पहिला आकडा सोडून द्या,” मॅडम म्हणाल्या. “पुन्हा.”

पुन्हा घेतला, आणखी घेतला. दोनशेच्या खाली काही येईना. “गोळी आजच,” मॅडम म्हणाल्या.

“डॉक्टर,” स्वप्नाली हळूच म्हणाली, “तुम्ही धरलाय तो पाय नाही… ते माझं बोट आहे.”

“हाव, बोटच हाय,” सोमेश म्हणाला. पण सोडलं जरा उशिरानं.

उजवा डोळा वाचला. प्रेशर मात्र अधूनमधून तपासायला हवं होतं आणि यंत्र लातूरला. म्हणून सोमेश दर रविवारी ते घेऊन नांदेडला, तरोडा नाक्यावरच्या स्वप्नालीच्या दवाखान्यात येऊ लागला. गोळी लागू पडल्यावर इतक्या वेळा मोजायची गरज नव्हती. दोघंही डॉक्टर असल्यामुळे हे दोघांनाही ठाऊक होतं.

“दर आठवड्याला मोजा, असं कुठं लिहिलंय?”

“नवीन अपडेट हाय.”

“कुणी दिलं?”

“मीच देऊन राहिलो.” मग घसा साफ करून, “आई म्हणते, सून लातूरला राहणारी पाहिजे…”

“दवाखाना इथून हलणार नाही,” स्वप्नाली पट्टा गुंडाळत म्हणाली, हवामान सांगावं तसं.

मकबूलचाचा बेगमला उचलत म्हणाले, “बेगम तो अच्छी हो गई, डॉक्टरनी. इन डॉक्टरसाब कू क्या बीमारी है, वो भी देखो जरा.”

एका बुधवारी सोमेशला स्वप्नालीचा फोन आला. “मी मशीन घेतलं. आता तुम्हाला यायची गरज नाही.”

पलीकडून सोमेश म्हणाला, “बरं… अभिनंदन.”

रविवारी सोमेश दारात उभा. भिजलेला, रिकाम्या हातांनी.

“मशीन?”

“न्हाई आणलं.”

“मग कशाला आलात?”

कुठल्याही पाहुण्यावर पाऊण तास बोलू शकणारा हा माणूस अडकला. “ते… म्हणजे… आजच्या या मंगल…”

“सूत्रसंचालन नको.” तिनं बाकाकडे बोट केलं. “बसा पाच मिनिटं. बेगमलाही देतो आपण तेवढी.”

तो बसला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तपासायला आणलेली बेगम मावळत्या अध्यक्षांच्या शालीवर पसरून, उरलेल्या एका डोळ्यानं त्याला निरखत होती.

“मशीन मुद्दाम घेतलं मी,” स्वप्नाली म्हणाली. “तुम्ही मशीनसाठी येता, की… ते कळेना.”

“आता कळलं?”

“पहिला आकडा सोडून द्यायचा असतो. पुढच्या रविवारीही असेच या.”

“न्हाई,” सोमेश म्हणाला.

तिनं मान वर केली. कुणाच्या म्हणण्याला त्यानं ‘न्हाई’ म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

“पुढचा रविवार न्हाई. आजच. मला तुमच्याशी लग्न करायचंय. दवाखाना हाय तिथंच राहील, मी नांदेडला येतो. आईला सांगून आलोय.”

“काय म्हणाल्या?”

“बोलून न्हाई राहिली. बोलेल. मी थांबतो.”

स्वप्नाली बराच वेळ बेगमचे कान खाजवत राहिली. “आणि लग्नात सत्कार?”

“एकाचाही न्हाई.”

“अण्णाराव येतील. भाषण करतील.”

“येऊ द्या. माइकच लावायचा न्हाई.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं… आणि त्याच्याच सुरात म्हणाली, “मग हाव.”