खरवडलेलं लेबल

"लेबल का खरवडलंयस?"

मी दचकून वर पाहिलं. बाहेर ब्रॉंक्स उन्हात तापलेलं, आत आमच्या क्लबात रविवारचा दुपारचा नाच रंगलेला, आणि हा अनोळखी पोरगा चक्क माझ्या रेकॉर्डवर वाकलेला!

"तुझ्यासारख्यांसाठीच!" मी फणकारले.

तो हसला. वीटो त्याचं नाव, ब्रुकलिनचा इटालियन. इतकं गोड हसणारा माणूस सरळ असूच शकत नाही... हुकमी गाण्याचं लेबल आम्ही डीजे मंडळी भिजवून खरवडतो, म्हणजे समोरच्या क्लबाच्या हेराला नाव वाचता येत नाही. गेल्या वर्षी अशाच एका गोडबोल्याने माझी दोन गाणी पळवली होती. दुधाने पोळलेली मी, ताकही फुंकून पीत होते.

त्यात साल एकोणऐंशी. रेडिओवर कुणीतरी डिस्कोच्या रेकॉर्डी जाळायची हाक देत होता. "गर्दी आटली की तुला सुट्टी, मिग्दालिया," मालक डॉन चेओंनी सांगून टाकलेलं. माझी नोकरी गर्दी खेचणाऱ्या त्या एका खरवडलेल्या गाण्यावर तगून होती.

वीटो दर रविवारी यायला लागला.

"नाव सांग ना."

"कशाला?"

"आवडलंय..."

"गाणं?"

"...गाणंही."

माझे कान तापले. म्हणूनच मी खोटं नाव सांगितलं, कुणी न विचारणाऱ्या एका रडक्या गाण्याचं. "कुणाला सांगू नकोस हं!"

शनिवारी रेकॉर्डच्या दुकानात गेले. म्हातारा नेस्तोर म्हणाला, "पोरी, चमत्कार झाला! ते रडगाणं खपलं. एक इटालियन पोरगा घेऊन गेला, दोन प्रती."

दोन! घरी ऐकायला एक पुरते. दोन घेतो तो डीजेच, एक संपत आली की दुसरी लावून नाच लांबवायला. चोर सापडला होता, मला आनंद व्हायला हवा होता. पण घरी येऊन मी ढसाढसा रडले.

रविवारी तो दोन्ही रेकॉर्डी घेऊन हजर.

"कुठल्या क्लबाचा तू?" मी विचारलं.

"क्लब? मी बेकरीत पाव भाजतो गं. तुला प्रत्येक गाण्याच्या दोन लागतात ना? बघितलंय मी. तुझी एक खरखरते, म्हणून आणल्या."

"लावून पाहिलीस?"

"भयंकर आहे! आई विचारत होती, कोण गेलं म्हणून. तू फसवलंस, ते मला तेव्हाच कळलं."

"मग आणल्यास कशाला?"

त्याने मान खाली घातली. "परत यायला काहीतरी निमित्त हवं होतं..."

मी वाकले आणि त्याच्या कानात खरं नाव सांगितलं. मग श्वास रोखून दाराकडे पाहत राहिले. हेर असता तर नाव मिळताच सटकला असता.

वीटोने हात पुढे केला. "नेहमी वाजवतेसच. एकदा नाच तरी!"

सप्टेंबरात क्लबात डिस्कोच्या जागी रॉकवाले आले आणि माझी नोकरी गेलीच. पण नाव फुटल्यामुळे नाही. ते अजूनही आम्हा दोघांनाच माहीत आहे.