एकेचाळीस घागरी

पैज लागली खैरवाडीत, शालिग्रामच्या दुकानासमोरच्या बाकावर, आणि ती लागली वांग्यांमुळे.

पुंजाजी माळी वांगी आणि भेदरं, म्हणजे टोमॅटो, विकायला बसला होता. बासष्ट सालच्या मतदानाला आठ दिवस होते. माळीपुऱ्यातल्या बायकांना शाळेच्या मंजुळाबाई मत द्यायला शिकवत होत्या. मागच्या खेपेला नुसता कागद चिन्हाच्या पेटीत टाकायचा होता. या खेपेला कागद एकच, आणि चिन्हापुढं शिक्का मारायचा.

"माह्या बायकोले वांगं अन् भेदरं वेगळं ठेवता येत नाई, शिक्का काय मारते!" पुंजाजीनं टाळी मागितली. गावात त्याच्याएवढा टवाळ माणूस नव्हता. पाटलाच्या बैलाला फेटा बांधणारा तोच.

आपल्या उमेदवाराची पत्रकं आवरत गल्ल्यावरून शालिग्राम म्हणाला, "काऊन बे पुंजा? मी म्हनतो माळीपुऱ्यातल्या बायकाइचं एकबी मत बाद होनार नाई. लावतं पैज?"

"लाव! हारला तो पुऱ्यातल्या एकेचाळीस बायकाइले डोक्यावर घागर घेऊन पानी भरीन. भर दुपारी!"

सगळे हसले. पुंजाजी सगळ्यात जोरात.

चार दिवसांनी हसू आटलं. मंजुळाबाईंनी दुसरा सराव घेतला. पहिल्या सरावात सगळ्यांचे शिक्के बरोबर होते. आता एकोणीस कागदांवर शिक्का नव्हताच. अंगठा होता. आणि अंगठ्याचं मत बाद.

"कोणी शिकवलं हे?" बाईंनी विचारलं.

बायकांनी माना खाली घातल्या. मग गावानं पुंजाजीकडं पाहिलं. पैज त्याची, खोडीही त्याचीच असणार. मंजुळाबाई त्याच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "पुंजाजी, दहा वर्षांपूर्वी यादीत या बायांची नावंसुद्धा नव्हती. नुसतं अमक्याची बायको. म्हणून गाळल्या. आता कुठं नाव लागलं, आणि तुम्ही त्याची गंमत केली?"

"आईची आन बाई, मी नाई केलं."

कोणाला खरं वाटलं नाही. घरी बायकोनं, अन्नपूर्णाबाईनं, भाकर ताटात आदळली. बांगड्या खणाणल्या.

"तुले कोनं सांगतलं अंगठ्याचं?"

"सांगता येत नाई. चुड्याची आन हाय."

"मी केलं असं वाटते तुले?"

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. पुंजाजीनं ताट बाजूला सारलं. आयुष्यभर लोकांना हसवलं, त्याचा हा मोबदला. खरं बोललं तरी घरची माणसं विश्वास ठेवेनात.

त्याची नजर तिच्या हातावर गेली. कोपरापर्यंत हिरवा चुडा, कोरा. सण नाही, पुऱ्यात लग्न नाही. मग चुडा कशाचा?

सकाळी तो भाजीच्या निमित्तानं घरोघर फिरला. तोंडं पाहिलीच नाहीत, फक्त हात पाहिले. कोरा हिरवा चुडा एकोणीस हातांवर. बाकी बाविसांच्या बांगड्या जुन्या.

तसाच तो डोणगावला रुखमाबाई कासारणीकडं गेला.

"मावशी, माळीपुऱ्यात कवा आली होती?"

"शुक्करवारी."

"तुहा फेरा तं मंगळवारचा असते."

"बलावनं आलं होतं. चुडे फुकट भरून दे म्हने, पुन्याईचं काम हाय."

"अन् अंगठा?"

म्हातारी दचकली. "त्यात वाईट काय हाय बाप्पा? शिक्का कोनाचाबी असते, अंगठा आपलाच. सातबाऱ्यावर नाई का उठवत? पन मर्दाइले सांगू नका, थे मत बदलाले लावतीन, म्हनून आन घालाले लावली. एकोनीस घरं झाली अन् चुडेच सरले."

"मावशी, त्या अंगठ्यानं मत मरते."

रुखमाबाईनं टोपली खाली ठेवली. डोळे भरले. मग तिनं नाव सांगितलं. पुंजाजी पहिल्यांदाच एका नावावर हसला नाही.

संध्याकाळी दुकानासमोर त्यानं सगळ्यांना जमवलं.

"बायकाइच्या तोंडाले कुलूप होतं, पन हात बोलले," तो म्हणाला. "ज्या हातात नवा चुडा, त्याच हाताचा अंगठा. कासारीन सोडून परक्या बाईचा हात कोन धरते? तिले फुकट चुडे भराले कोनं पाठोलं? ज्या उमेदवारानं पाच वर्सं पुऱ्याची विहीर आज देतो, उद्या देतो केलं, अन् ज्याले बायकाइनं यंदा मत द्याचं नाई ठरोलं, त्याच्या मानसानं. शालिग्राम, बरोबर हाय ना?"

शालिग्राम हसला. "येडा झाला का बे? बायका चुकल्या तं पैज मीच हारतो!"

"थेच तं! जलमभर बायकाइची अक्कल काढनारा तू, त्या दिवशी त्याइच्या बाजूनं कसा उभा राह्यला? तुले जिंकाचंच नव्हतं. दोन घंटे पानी भरनं सस्तं, मतं महाग. अन् आळ कोनावर? गावच्या टवाळावर. पैज नव्हती थे, माह्या गळ्यात बांधलेली घंटी होती."

गर्दीतून रुखमाबाई पुढं आली. "यानंच पाठोलं मले. माह्या तोंडून खोटं वदोलं." तिनं बायकांकडं वळून आण मागं घेतली.

शालिग्रामनं दुकानाची फळी ओढून घेतली. आत गेला तो बाहेर आला नाही.

घरी पुंजाजी छाती काढून आला. अन्नपूर्णाबाई चुलीपुढून उठली नाही.

"त्यानं आमाले फसोलं," ती म्हणाली. "पन आमाले येनारच नाई, हे कोन म्हने? भर बाजारात?"

पुंजाजी उंबऱ्यावरच बसला.

राहिलेले तीन दिवस मंजुळाबाईंनी शिकवलं, आणि रुखमाबाईनं दारोदार जाऊन सांगितलं, अंगठा नाही, शिक्का. मोजणीचा निकाल आला. मर्दांच्या पेटीत बाद कागद सात. बायकांच्या पेटीत एकही नाही. शालिग्रामचा उमेदवार इतर गावांच्या जोरावर निवडून आलाच. पण खैरवाडीत तो पडला होता, आणि गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

म्हणजे पैज पुंजाजी हरला. स्वतःच्याच हातानं.

भर दुपारी तो जुन्या विहिरीवर उभा होता. अख्खं गाव जमलं होतं, जिंकणारा तेवढा नव्हता. अन्नपूर्णाबाई पुढं आली. बोटावर शाईचा ठिपका अजून काळा होता. तिनं जुन्या लुगड्याची चुंबळ करून त्याच्या डोक्यावर ठेवली, वर घागर चढवली.

"पह्यली घागर कोनाच्या घरी?" मान आखडून पुंजाजीनं विचारलं.

"एक नंबर पुष्पाबाईचा. मताच्या यादीत हाय तसं चाला," ती म्हणाली. "माहा नंबर एकोनचाळीस."